पाइप, सिगार आणि घरची तंबाखू: मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

परभणीपासून थोड्या अंतरावर आमचं शेत आहे आणि गावात आजोबांच्या काळचं माळवदाचं घर. तिथे मी हौसेपोटी दरवर्षी तंबाखूची वीस-पंचवीस झाडं लावतो, पानं टांगतो आणि रविवारी संध्याकाळी एक पाइप भरतो. हे कळल्यापासून लातूर, नांदेड, जालना, कुठूनही फोन येतात. लग्नाच्या पंगतीतून माणसं हळूच बाजूला घेतात आणि तेच तेच विचारतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. वय अठराच्या आत असेल तर हे पान तुमच्यासाठी नाही. आणि आजवर ओढलीच नसेल तर हे वाचून सुरुवात करू नका. का, ते प्रश्न 3 मध्ये आहे.

1. पाइप, सिगार, चिरूट, चुट्टा, चिलीम, बिडी… सगळ्यात तंबाखूच ना? मग फरक काय?

झाड बहुधा एकच, निकोटियाना टबॅकम. फरक पडतो तो पान कसं वाळवलं आणि ते कशात भरलं किंवा गुंडाळलं यात. सिगार म्हणजे नखशिखांत तंबाखू: आत भरण, त्यावर बांधणीचं पान आणि सगळ्यात वर वेष्टनाचं देखणं पान. चिरूट त्याचाच भाऊ, फक्त दोन्ही टोकं उघडी, त्यामुळे कापायची कटकट नाही. तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीचे चिरूट इंग्रजी अमदानीत विलायतेपर्यंत गाजले होते. बिडीत तंबाखूवर तेंदूचं पान येतं, जे आपल्याकडे किनवट-माहूरच्या जंगलात मिळतं. चुट्टा नांदेडपलीकडे तेलंगणात दिसतो. त्याची नामांकित तंबाखू आपल्याच गोदावरीच्या शेवटच्या टोकाला, राजमहेंद्रीकडच्या नदीतल्या बेटांवर पिकते. बेटाला तिकडे लंका म्हणतात, म्हणून ती लंका तंबाखू.

चिलीम आणि पाइप ही भांडी. चिलीम उभी, मातीची, आत खडा आणि तोंडाला ओली छापी. चिलीम चारचौघांत फिरते. पाइप एकट्याचा असतो, तो कुणी कुणाला देत नाही.

2. आपल्याकडे तंबाखू इंग्रजांनी आणली का?

नाही, पोर्तुगीजांनी. इंग्रजांचा जम बसण्याआधीच ती दख्खनेत रुळली होती. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही राजकन्येला आणायला गेला होता. शहजादा दानियालशी तिचं लग्न 1604 मध्ये आपल्या पैठणजवळ, गोदाकाठी लागलं. या कामगिरीत असद बेगला विजापुरात तंबाखू दिसली. उत्तरेत असलं काही त्याने पाहिलं नव्हतं, म्हणून जडावाच्या नळीसकट ती त्याने अकबरापुढे नेऊन ठेवली. बादशहाने थोडे झुरके घेतले आणि हकिमाने हरकत घेतली. पुढे जहांगीरने 1617 मध्ये बंदीचं फर्मान काढलं. त्याचा उपयोग किती झाला ते पानटपरीवर जाऊन बघावं.

3. पाइप-सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणे. मग धोका नाहीच ना?

पहिलं खरं, दुसरं खोटं. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या आतल्या कातडीतूनच रक्तात उतरतं. सिगारेटचा धूर आम्लधर्मी, म्हणून तो छातीत ओढल्याशिवाय ओढणाऱ्याचं भागत नाही. छातीत न घेतल्याने फुप्फुसावरचा भार सिगारेटपेक्षा कमी होतो, पण तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कॅन्सरचा धोका तसाच राहतो. आणि सिगारेट सोडून पाइपवर आलेला माणूस सवयीने धूर आत घेतोच, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझे चुलते आयुष्यभर फक्त चुना-तंबाखू मळत. धुराचं नाव नाही. त्यांचा अर्धा जबडा काढावा लागला. त्यामुळे "आमचा प्रकार सौम्य" हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोलू नये. तोंडात दोन आठवडे न भरणारी जखम असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर हे पान मिटा आणि डॉक्टर गाठा. सोडायची असेल तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत नंबर आहे.

मी आठवड्याला एक पाइप ओढतो. तोही नसता तर बरं, हे मला ठाऊक आहे.

4. पहिला पाइप कोणता घ्यावा?

मक्याच्या बुरकुंडाचा. हसू नका. दाणे काढल्यावर जे उरतं त्याचाच पाइप अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात 1869 पासून बनतो आहे आणि तो खरंच चांगला असतो. हलका, स्वस्त, थोडा ओलावा स्वतः पिऊन घेणारा. जळला तर वाईट वाटत नाही. आपल्याकडचं बुरकुंड मऊ असतं. मी एकदा शेतातल्या कणसाचा करून बघितला, तिसऱ्या दिवशी बूड जळून खाली पडलं.

हौस टिकली तर पुढे ब्रायरचा घ्या. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती सहजी पेटत नाही, म्हणून तिला मान. तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरकडचा पांढरा मेरशॉम, म्हणजे मऊ खनिजातून कोरलेला पाइप, देखणा असतो, पण हातातून पडला की संपला. फरशीच्या घरात घेऊ नये.

5. साहेब, पाइप सारखा विझतो. आमचंच काही चुकतंय का?

पाइप विझतोच, सगळ्यांचा. अर्ध्या तासात तीन-चार काड्या लागल्या तर काही बिघडलं नाही. त्याहून जास्त लागत असतील तर तंबाखू एकतर ओली आहे नाहीतर गच्च कोंबली आहे.

भरताना तळाशी तंबाखू नुसती सोडा, दाबू नका. मध्ये हलका दाब, वरच्या थराला जरा जास्त. भरून झालं की न पेटवता एक झुरका घ्या. उसाच्या रसात नळी घालून ओढल्यासारखं वाटलं तर ठीक. लस्सी ओढल्यासारखं जड वाटलं तर उपसून पुन्हा भरा. काडी ओढल्यावर गंधकाचा भपका जाऊ द्या, मग ज्योत गोल फिरवत पेटवा. तंबाखू फुगून वर येईल, ती हलकेच दाबा आणि दुसऱ्यांदा पेटवा. खरी सुरुवात इथून.

ओलाव्याची परीक्षा बोटांनी करा. चिमूट दाबून सोडली आणि गोळा तसाच राहिला तर ओली, हळूहळू उलगडली तर बरोबर, कुरकुरली तर गेली. पुस्तकांत "तासभर हवेवर ठेवा" असं लिहितात, ते आपल्यासाठी नाही. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे ताटलीत पसरलेली तंबाखू पंधरा-वीस मिनिटांत पापडासारखी होते.

6. जीभ चरचरते, दुसऱ्या दिवशी जेवणही तिखट लागतं. तंबाखू खराब आहे का?

बहुधा घाई आहे. भराभर झुरके घेतले की आतली तंबाखू तापते, ओलाव्याची वाफ होते आणि ती वाफ जीभ पोळते. पाइपाचा बाऊल गालाला लावून बघा. चटका बसला तर खाली ठेवा, विझू द्या. गोडसर, सुगंधी तंबाखूत हा त्रास जास्त, कारण त्यात पाक घातलेला असतो. वऱ्हाडी ठेचा खाऊन लगेच पाइप पेटवणाऱ्यांनी मला फोन करू नये.

7. पहिल्याच सिगारला दरदरून घाम फुटला, उलटी झाली. विषबाधा होती का?

हो, लहानशी. आपल्याकडे त्याला सरळ "तंबाखू लागली" म्हणतात. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, आणि ती तुम्ही उपाशीपोटी ओढली असणार. सिगार ठेवून द्या, मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या, गुळाचा खडा तोंडात धरा. तासाभरात उतरतं. छातीत धडधड थांबत नसेल किंवा शुद्ध हरपायला लागली तर दवाखाना. लहान मुलाने थोटूक किंवा पान चघळलं असेल तर वाट बघायची नाही, तडक दवाखाना.

8. मळायची तंबाखू पाइपात भरली तर? पैसे वाचतील.

पैसे वाचतील, पुढचं विचारू नका. मळायची तंबाखू कडक असते. चुन्याबरोबर गालात धरण्यासाठी ती निवडलेली असते, धुरासाठी नाही. बारीक चुरा असल्याने पाइपात एकदम पेटते आणि ठसका लागतो. बिडीच्या जर्द्याचंही जवळपास तेच. मशेरी किंवा तपकीर भरायचा विचार ज्यांनी केला (असे दोघं भेटलेत) त्यांना माझा दंडवत.

9. पाइप धुवायचा का?

ब्रायर पाण्याने धुवू नका. पाइप थंड झाला की नळी फिरवत काढा, तारेचा लोकरी क्लीनर आरपार घाला, राख झटका आणि एक दिवस विश्रांती द्या. गरम असताना नळी उपटली की दांडी तडकते. आत काजळीचा थर धरतो, तो जाड नाण्याइतका होईपर्यंत राहू द्या, त्याने लाकूड वाचतं. पुढे खरवडा.

10. सिगार कुठून कापायचा? आणि विझवायचा कसा?

ज्या टोकाला गोल टोपी चिकटवलेली असते ते तोंडात जातं. त्या टोपीचा फक्त शेंडा काढा. पूर्ण टोपी उडवली की वरचं पान उलगडत जातं. पेटवताना ज्योतीत खुपसू नका, ज्योतीच्या जरा वर धरून फिरवा. मिनिटाला एखादा झुरका पुरे. विझवायचा नसतो, रक्षापात्रात ठेवून दिला की आपोआप विझतो. चिरडला तर खोलीभर जो वास सुटतो त्यावरून घरात जे ऐकावं लागतं, ते तुमचं तुम्ही ऐका.

11. मुलाने दुबईहून सिगारचा डबा आणलाय. आमच्याकडे मे महिन्यात 43-44 डिग्री. ठेवू कुठे?

हा खरा मराठवाड्याचा प्रश्न. सिगारला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि 18 ते 21 डिग्री तापमान मानवतं. आपल्याकडे उन्हाळ्यात यातलं एकही मिळत नाही. लाकडाची महागडी पेटी, जिला ह्युमिडॉर म्हणतात, ती इथे सुरुवातीला घेऊ नका. आपल्या हवेत ते लाकूडच सगळा ओलावा पिऊन टाकतं.

रबराची कड असलेला हवाबंद डबा घ्या, स्वयंपाकघरात डाळीला वापरतात तसला, पण नवा. ज्यात मसाला होता तो नको. ओलावा राखणाऱ्या तयार पुड्या मिळतात, त्यातली 65 टक्क्यांची टाका. आपल्या उष्णतेत 70 वाली टाकली तर बुरशी लवकर धरते. सोबत एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजायचा काटा, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको. त्याची परीक्षा अशी: बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा आणि काटा व झाकण एका बंद पिशवीत एक रात्र ठेवा. सकाळी 75 दिसायला हवेत. माझ्या पहिल्या काट्याने 62 दाखवले होते. म्हणजे तेरा टक्क्यांची चूक उराशी धरून मी वर्षभर सिगार भिजवत होतो.

तापमानासाठी तो डबा थर्माकोलच्या पेटीत घालून घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. माळवदाचं घर असेल तर आतली अंधारी खोली उत्तम. लाइट गेली तरी पेटी आतलं तापमान धरून ठेवते. कूलरसमोर उघडा डबा ठेवणारे एक दाजी आहेत आमचे. कूलर चालू असताना सिगार फुगतात, बंद झाला की वाळतात. आठ दिवसांत सगळ्यांना चिरा गेल्या.

वाळलेला सिगार एका दिवसात ओला करू नका. फाटतो. त्याच डब्यात पंधरा दिवस ते महिनाभर ठेवा, सावकाश येतो. सुगंध मात्र जो गेला तो गेला.

12. सिगारवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं पडलीत. हे काय?

तंबाखूचा भुंगा, लासिओडर्मा. वसमत-हिंगोलीकडच्या हळदवाल्यांना त्याची ओळख नव्याने करून द्यायला नको, साठवणीच्या हळदीला पोखरतो तो हाच. अंडी पानात आधीपासूनच असतात. तापमान पंचविशीच्या वर राहिलं की फुटतात, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर. छिद्रं पडलेले सिगार फेका. उरलेले दोन पिशव्यांत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये तीन दिवस, मग खालच्या फ्रीजमध्ये एक दिवस, मग बाहेर. थेट फ्रीजरमधून उन्हाळ्याच्या हवेत काढले तर वरचं पान फुटतं. आणि हळदीच्या पोत्याशेजारी तंबाखू ठेवू नका.

13. घरी तंबाखू लावली तर कुणी पकडेल का?

व्हर्जिनिया जातीला 1975 च्या तंबाखू मंडळ कायद्याखाली नोंदणी लागते, म्हणून मी ती लावतच नाही, देशी आणि सिगारच्या जाती लावतो. विकायचा विचार आला की कायदे सुरू होतात: कर, पाकिटावरची चित्रमय सूचना, अठराच्या आतल्याला विक्री नाही, शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांत विक्री नाही. मित्राला "फक्त खर्चापुरते" पैसे घेऊन दिली तरी ती विक्रीच. मी विकत नाही आणि कुरिअरही करत नाही, हे विचारणाऱ्या पंचवीस जणांना एकदम उत्तर.

14. बी कधी टाकायचं? आमची काळी कसदार जमीन आहे, चालेल ना?

काळी भारी जमीन कापसाला ठेवा. पाणी धरणाऱ्या चिबड रानात तंबाखूची मुळं कुजतात. निचऱ्याची, मुरमाड, हलकी जागा बघा किंवा वाफे उंच करा.

बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार दाणे. मूठभर राखेत किंवा वाळूत मिसळून वाफ्यावर नुसतं भुरभुरायचं, मातीत पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो. बारीक झारीने पाणी. पंचेचाळीस दिवसांत रोप लावणीला येतं. वेळेबद्दल माझं मत इतरांपेक्षा वेगळं आहे: जूनच्या शेवटी वाफा, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात लावणी, म्हणजे दिवाळीच्या आसपास खालची पानं पिकतात. का, ते प्रश्न 16 मध्ये कळेल.

कळी दिसली की शेंडा खुडायचा, मग बगलेतून फुटणारे धुमारे काढत राहायचे, नाहीतर पानं पातळ राहतात. बुडाशी पांढुरक्या-जांभळ्या फुलांचं बिनपानी खोड उगवलं तर तो बंबाखू, तंबाखूच्या मुळांवर जगणारं बांडगूळ. बी धरायच्या आत उपटा. सोयाबीनवाल्यांना छळणारी "तंबाखूची पाने खाणारी अळी" तिच्या नावाला जागते. वीस झाडांना फवारा कशाला, सकाळी हाताने वेचा. पुढे धूर करायच्या पानावर औषध मारू नये हे सांगायला नको.

पान पिकलं की त्यावर पिवळे डाग येतात, जाड आणि चिकट होतं, शेंडा खाली वळतो. खालून वर, आठवड्याला दोन-तीन पानं तोडायची. दंवाने ओली पानं उघड्या हाताने तोडू नका. निकोटीन कातडीतून शिरतं आणि न ओढताच प्रश्न 7 ची अवस्था होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, आणि ऊन जरा वर आल्यावर तोडणी.

15. पान वाळवणं म्हणजेच क्युअरिंग ना?

सगळी गडबड इथे आहे. वाळवणं म्हणजे पाणी काढणं. क्युअरिंग म्हणजे पान सावकाश मरू देणं. तोडलेलं पान काही दिवस जिवंत असतं. त्या दिवसांत त्यातला हिरवेपणा मोडतो, स्टार्चची साखर होते, पान पिवळं पडतं. मग ते तपकिरी होतं आणि शेवटी मधली शीर वाळते. हे सगळं होईपर्यंत पानात पाणी शिल्लक हवं. पाणी आधी उडालं तर पान हिरवंच मरतं, आणि मेलेल्या पानाला पिवळं करता येत नाही. कैरी उन्हात वाळवली तर आंबोशी होते. तिचा आंबा करायचा तर पेंढ्यातच आढी घालावी लागते.

हवेवरच्या पद्धतीत सावलीत टांगतात, सहा ते आठ आठवडे लागतात. त्यात पान आपली साखर स्वतःच खाऊन टाकतं, म्हणून सिगारच्या पानाला गोडी कमी. व्हर्जिनियात ते पिवळं असतानाच उष्णता देऊन थांबवतात, साखर आत राहते, म्हणून ती गोड (प्रश्न 19). उन्हातली आणि धुरावरची अशा आणखी दोन पद्धती आहेत.

16. पानं पत्र्याच्या शेडमध्ये टांगली. चार दिवसांत वाळली, पण हिरवीच. ओढली तर कडब्याचा धूर.

माझी पहिली खेप अशीच गेली. जानेवारीअखेर तोडणी, पत्र्याची शेड, वर कोरडा वारा. पाचव्या दिवशी पान हातात घेतलं तर चुरा झाला, रंग शेवग्याच्या वाळल्या पाल्यासारखा. भाऊ म्हणाला, "बैलाला टाक." बैलानेही तोंड फिरवलं.

आपला दोष हवेचा आहे. दिवाळीपर्यंत हवेत पावसाळ्याची थोडी ओल शिल्लक असते, संक्रांतीनंतर दुपारची हवा भट्टीची होते. म्हणून तोडणी दिवाळीच्या आसपास आणावी आणि टांगणी पत्र्याखाली न करता जाड भिंतींच्या घरात करावी. आमच्या माळवदात सागाच्या तुळयांना सुतळी बांधून मी पानं लटकवतो, पानापानात दोन बोटं अंतर. खाली जमिनीवर ओलं गोणपाट. दारं-खिडक्या पहाटे उघड्या, सकाळी नऊनंतर बंद. काट्यावर 65 ते 75 टक्के राहिले की झालं. पंधरा दिवसांत पिवळी, महिन्यात तपकिरी. दीड-दोन महिन्यांनी मधली शीर वाकवली की कट् करून मोडते, तेव्हा उतरवायची.

उतरवायची तीही पहाटे. हरभरा आपण पहाटेच्या दंवात काढतो, घाटे फुटू नयेत म्हणून, तसंच हे. रात्रीच्या गारव्याने पान सादळलेल्या पापडासारखं वातड झालेलं असतं, तेव्हाच हात लावायचा. दुपारी हात लावला तर तपकीर.

हिरवी वाळलेली पानं मात्र परत येत नाहीत. आंबवून वास थोडा कमी होतो, चव नाही. खताच्या खड्ड्यात टाका.

17. आमची उलट गत. आठवडाभर अवकाळी पाऊस आणि पानांवर पांढरी बुरशी.

शिरेवर भुरभुरीत पांढरं दिसलं तर पानं विरळ करा, पंखा लावा, गोणपाट काढून टाका. डाग पानाच्या पात्यावर पसरला असेल किंवा ओल्या पोत्याचा कुबट वास येत असेल तर ते पान टाकून द्या. बुरशी पुसून ओढू नका, तिचा धूर छातीला वाईट. या बाबतीत मला काटकसर मान्य नाही.

18. पानं छान तपकिरी झाली, पण ओढली तर घशाला ओरबाडते. काय राहिलं?

आंबवणं राहिलं. कारखान्यात शेकडो किलो पानांच्या थप्प्या रचतात, त्या स्वतःच्याच उष्णतेने पन्नास डिग्रीच्या आसपास तापतात. ओल्या सोयाबीनच्या ढिगात हात घातला की गरम लागतं, तोच प्रकार. आपली वीस झाडं मिळून दीड-दोन किलो पान होतं. एवढ्याशा पानाला स्वतःची ऊब येत नाही, ती बाहेरून द्यावी लागते.

थंड मुलखातले हौशी लोक त्यासाठी जुन्या फ्रीजमध्ये दिवा आणि पाण्याचं भांडं ठेवून पेटी करतात. आपल्याकडे मे महिना आहे. ज्या पत्र्याच्या शेडने प्रश्न 16 मध्ये घात केला तीच इथे कामाला येते. पान वातड असताना, म्हणजे दाबलं तर कुरकुरत नाही पण बोटाला ओलही लागत नाही अशा वेळी, काचेच्या बरणीत भरा, झाकण घट्ट लावा आणि एप्रिल-मे शेडमध्ये ठेवा, उन्हाची तिरीप लागणार नाही अशा जागी. आठवड्यातून एकदा उघडा.

पहिल्यांदा उघडाल तेव्हा नाकात झिणझिण्या येतील. तो अमोनिया. आमच्या घरी त्या दिवशी "गोठा माडीवर आणलात का?" असं विचारलं गेलं होतं. चौथ्या आठवड्यात तो वास ओसरतो आणि खाली जुन्या मनुकांसारखा, थोडा चामड्यासारखा वास उरतो. तो आला की झालं. त्यानंतर सहा महिने विसरून जा, हे सगळ्यात अवघड.

19. व्हर्जिनिया घरच्या भट्टीत करता येईल का?

करू नका. 35-38 डिग्रीला पिवळी करून पाच-सात दिवसांत पायरीपायरीने शिरेसाठी 70 च्या वर न्यायची असते, रात्रंदिवस पहारा लागतो. वाळलेली पानं, आग आणि झोपलेला माणूस एका खोलीत नकोत. शिवाय प्रश्न 13.

20. लटाकिया, पेरिक, कॅव्हेंडिश ही नावं ऐकतो. घरी जमेल का?

कॅव्हेंडिश जमतं. घरची पानं घडी करून इडलीपात्रात तीन-चार तास वाफवा, मग दोन फळ्यांत दाबून ठेवा. काळपट आणि मवाळ होतात. पात्र मात्र परत इडलीला वापरायचं नाही. पेरिक अमेरिकेतल्या लुईझियानात लाकडी पिंपात स्वतःच्याच रसात दाबून मुरवतात, लोणच्यावर दगड ठेवतो तसं, पण वर्षभर. मी दोनदा केलं, दोनदा कुजलं. लटाकिया धुरावर टांगतात, सायप्रसमध्ये. मी बाभळीच्या धुरावर प्रयोग केला. चव थेट हुरड्याच्या आगटीची आली. वाईट नव्हती, पण ओढताना गूळ-शेंगदाण्याची चटणीच आठवत राहिली.

21. घरच्या पानाचा सिगार वळता येतो का?

येतो, दिसायला जांभळाच्या फांदीसारखा. सगळ्यात चांगलं, न फाटलेलं पान वेष्टनासाठी बाजूला काढा, मधली शीर काढून टाका, पाण्याचा हलका फवारा मारून वातड करा. भरणाची पानं गुंडाळू नका, लांबीत घड्या घालून ठेवा, मधून हवेला वाट हवी. चिकटवायला चिमूटभर मैद्याची खळ. पहिले दहा ओढले जात नाहीत, फार गच्च होतात. चुट्टा वळणाऱ्या बायकांचे हात बघितले की आपली लायकी कळते. किनारी आंध्रात काही जणी चुट्ट्याचं जळतं टोक तोंडात धरून ओढतात. त्याने टाळूचा कॅन्सर होतो, गंमत म्हणूनही करू नका.

22. हुक्का पार्लरला बंदी आहे, मग घरी पाइप कसा चालतो?

महाराष्ट्रात 2018 पासून हुक्का पार्लर बंद, ई-सिगारेट 2019 पासून देशभर बंद. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला 2 ऑक्टोबर 2008 च्या नियमांपासून मनाई, त्यात हॉटेल, बसस्टँड, कचेरी सगळं आलं. स्वतःच्या घरात कायदा आडवा येत नाही, पण घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा दमेकरी असेल तर गच्चीवर जा. मी अंगणात ओढतो, पावसात ओढत नाही.

23. परदेशातून येताना किती आणता येतात?

एका प्रवाशाला करमुक्त 25 सिगार किंवा 125 ग्रॅम तंबाखू किंवा 100 सिगारेट. यातलं एकच, तिन्ही नाही. निघण्याआधी चालू नियम एकदा बघून घ्या.

24. वाड्याच्या आवराआवरीत पणजोबांची बिदरी गुडगुडी सापडली. चालू करू का?

करू नका, मांडून ठेवा. बिदरी म्हणजे जस्तात थोडं तांबं घालून ओतलेला धातू, वर चांदीची जडणघडण, आणि तो काळा रंग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीत नवसागर घालून आणलेला. शंभर वर्षं जुन्या अशा भांड्यात पाणी भरून त्यातून धूर ओढायचं धाडस मी करणार नाही. नळीतही कुणाकुणाचं काय साठलेलं असेल. आणि एक विनंती: तिला चिंच, राख किंवा पितळेची पावडर लावून घासू नका. उदगीरच्या एका घरात मोलकरणीने दिवाळीला तसं चकचकीत करून ठेवलं होतं. काळं सगळं निघून गेलं, चांदीची वेल पांढऱ्या धातूत शोधावी लागत होती. मऊ कापडाने धूळ पुसा, बोटावर खोबरेल तेलाचा एक थेंब घ्या आणि हलक्या हाताने चोळा.